जाळ्याचें परसदार



जुन्या वाड्यांस दोन दारें असत. पुढचें दार थोर व नक्षीदार. पाहुणे, सोयरे, सावकार सर्व त्यानेंच येत. मागचें दार म्हणजे परसदार. तें ठेंगणें, बिनरंगाचें. तिकडे कोणी फारसें पाहतहि नसे. परंतु पुढच्या दाराचा अडसर आंतून पडला आणि तो काढावयास घरांत कोणी नसलें, म्हणजे सर्व मंडळी परसदाराकडे धांव घेत. प्रस्तुत लेखांत अशाच एका परसदाराची ओळख करून द्यावयाची आहे. तें वाड्याचें नसून संगणकांच्या जाळ्याचें आहे. त्याचें नांव सीरिअल कन्सोल. तें राखावयास फार पैका लागत नाहीं. तें माहीत नसलें म्हणजे काय होतें, हें मात्र मी स्वतःच्या चुकीनें शिकलों आहें.

१. एक प्रसंग

आपल्या शाळेची कचेरी, वाचनालय व संगणकवर्ग हीं एका जाळ्यानें जोडलेलीं आहेत. संगणकवर्गाच्या कोपऱ्यांत, भिंतीवर उंच, एक लोखंडी कपाट आहे. त्यांत स्विच नांवाचें यंत्र बसविलें आहे. गांवच्या तिठ्यावर जशा वाटा येऊन मिळतात, तशा शाळेंतील सर्व तारा त्या यंत्रांत येऊन मिळतात, आणि कोणता निरोप कोणत्या वाटेनें पाठवावयाचा हें तें यंत्र ठरवितें. कोणत्या तारेनें काय काम करावें, हें त्यास आपण सांगावें लागतें. सांगण्याची नेहमींची रीत अशी कीं, कोणत्याहि संगणकापुढें बसावें, जाळ्यांतूनच त्या स्विचचें पान उघडावें व हव्या त्या सूचना द्याव्या.

एके वर्षीं दहावीच्या परीक्षेचीं आवेदनपत्रें भरण्याची मुदत संपत आली होती. शेवटच्या दिवशीं अकरा मुलांचीं आवेदनपत्रें राहिलीं होतीं. त्या रात्रीनंतर विलंबशुल्क पडणार होतें, आणि त्या अकरांपैकीं बहुतेकांचे आईबाप रोजंदारीवर जाणारे. कचेरींतील संगणक मंद चालतो म्हणून मदत करावी, या हेतूनें दुपारीं चार वाजतां मीं स्विचच्या पानावर जाऊन एका तारेची नेमणूक बदलली. क्रमांक पाहण्यांत माझी चूक झाली. ज्या तारेवरून मी स्वतः स्विचशीं बोलत होतों, तीच मीं तोडली! ज्या फांदीवर बसावें तिच्यावरच कुऱ्हाड घालावी, तसें झालें.

त्या यंत्रांत केलेला बदल तत्काळ कायम होत असे. म्हणून वीज बंद करून पुन्हां सुरू केल्यानेंहि उपयोग झाला नाहीं. मुलांच्या नोंदी व छायाचित्रें ज्या संगणकांत होतीं, तो पडद्याविना कपाटांत बंद असे. त्याच्यापर्यंत जाण्याची वाट त्या स्विचमधूनच होती. यंत्र ज्यांच्याकडून घेतलें होतें त्यांस दूरध्वनि केला, तेव्हां "परवां माणूस पाठवूं" असें उत्तर आलें. यंत्रास एक बारीक कळ असते; ती दाबून धरली म्हणजे सर्व सूचना पुसून यंत्र कोरें होतें. परंतु मग साऱ्या शाळेची मांडणी नव्यानें करावी लागली असती, आणि तिची नोंद मीं कोठेंहि लिहून ठेवली नव्हती. कचेरीबाहेरच्या बांकावर दोन मुली आपल्या आयांसह बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांच्याकडे पाहण्याचें धैर्य मला होईना.

साडेपांचच्या सुमारास आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. तो आतां जाळीं बसविण्याचा व्यवसाय करतो. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, पुढचें दार बंद झालें इतकेंच ना? परसदार उघडें आहे." त्यानें पिशवींतून एक निळी चपटी तार काढली. तिचें एक टोंक स्विचवरील 'कन्सोल' असें लिहिलेल्या भोकांत व दुसरें आपल्या लॅपटॉपमध्यें घातलें. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटलीं. यंत्रानें नांव व परवलीचा शब्द विचारला. तो मीं सांगितला. चार ओळी टंकून त्यानें माझी चूक दुरुस्त केली. दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत. रात्रीं नऊच्या आंत अकराहि आवेदनपत्रें रवाना झालीं.

"अरे, या तारेची किंमत काय?" मीं विचारलें.

"पांचशें रुपयांच्या आंत, सर," तो म्हणाला.

यंत्रावरचें तें भोंक मी तीन वर्षें रोज पाहत होतों. तें कशासाठीं आहे, हें मात्र मीं कधीं विचारलें नव्हतें.

२. तार बोलते कशी?

'सीरिअल' याचा अर्थ एकामागून एक, रांगेनें. संगणक प्रत्येक अक्षर शून्य व एक या दोन खुणांनीं लिहितो; अशा प्रत्येक खुणेस बिट म्हणतात. इंग्रजी वर्णमालेंतील पहिलें मोठें अक्षर 'ए' याचा क्रमांक ६५ ठरविलेला आहे. तो द्विमान पद्धतींत ०१०००००१ असा लिहितात. हे आठ बिट आठ तारांवरून एकदम पाठवितां येतील. परंतु तार एकच असली, तर अरुंद दारांतून मुलें जशीं एकेरी रांगेनें बाहेर पडतात, तसे ते एकामागून एक पाठवावे लागतात. सर्वांत उजवीकडचा बिट प्रथम निघतो: १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. रांगेच्या आरंभीं 'आतां अक्षर येत आहे' असें सांगणारें एक शून्य असतें, आणि शेवटीं 'अक्षर संपलें' असें सांगणारा एक. असे मिळून एका अक्षरास दहा बिट लागतात.

पाठविणारा व घेणारा यांच्यांत ताल धरणारी निराळी तार नसते. म्हणून दोघांनीं गति आधींच ठरवून घ्यावी लागते. पुष्कळ यंत्रांत ती सेकंदास ९६०० बिट असते; म्हणजे एका बिटास सुमारें १०४ मायक्रोसेकंद मिळतात आणि एका सेकंदांत ९६० अक्षरें जातात. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा भरावयास बरोबर दोन सेकंद लागतात. गणित करून पहा. कांहीं यंत्रांची गति ११५२०० असते. दोन्ही टोंकांची गति जुळली नाहीं, तर टाळ एका लयींत व मृदंग दुसऱ्या लयींत असल्यासारखें होतें, आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा कचरा दिसतो. तो दिसतांच यंत्र बिघडलें असें समजूं नये. प्रथम गति तपासावी.

या गतीच्या मापास 'बॉड' म्हणतात. फ्रान्समधील तारायंत्राचे अभियंते एमिल बोदो (१८४५–१९०३) यांच्या नांवावरून तें आलें. त्यांनीं १८७४ सालीं पांच खुणांच्या लिपीवर चालणाऱ्या तारायंत्राचें पेटंट घेतलें. तारेवरून आलेलीं अक्षरें कागदावर छापणारीं टेलिटाइप यंत्रें पुढें त्याच परंपरेंत निघालीं, आणि संगणक आल्यावर तींच त्यांस जोडलीं गेलीं. लिनक्स प्रणालींत अशा जोडणीस आजहि 'टीटीवाय' म्हणतात. तें टेलिटाइप या नांवाचेंच संक्षिप्त रूप आहे. तारेवर किती दाबाची वीज असावी, कोणत्या खुणेचा अर्थ काय, यासंबंधीं आरएस-२३२ हा नियम अमेरिकेंत १९६० सालीं झाला, व १९६९ सालीं त्याची 'सी' आवृत्ति निघाली. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, हें पालकांस आठवत असेल. परंतु एका तारेवर एकामागून एक खुणा पाठविण्याची ती जुनी विद्या जाळ्याच्या कपाटांत अजून जिवंत आहे.

ती टिकली याचें कारण असें कीं, तिला दुसऱ्या कोणाचा आधार लागत नाहीं. नेहमींच्या वाटेनें यंत्राशीं बोलावयाचें, तर यंत्रास जाळ्यावरचा पत्ता असावा लागतो, त्याच्या सूचना बिनचूक असाव्या लागतात व मधलीं सर्व यंत्रें चालू असावीं लागतात. कन्सोलला यांतील कांहींच नको. यंत्रास वीज मिळाली कीं तें या तारेवर बोलूं लागतें. अजून पत्ताहि मिळालेला नसतांना, जागें होत असतांना तें काय काय म्हणतें, तेंहि येथें वाचतां येतें. वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो, तसा बिघाड ओळखावयास त्याचा उपयोग होतो.

३. थोरांच्या घरचे अपघात

माझ्यासारख्या शिक्षकाचीच अशी फजिती होते असें नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आपल्याकडे रात्रीं नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम हीं तिन्ही जगभर बंद पडलीं, आणि सुमारें सहा तास बंद राहिलीं. नित्याच्या देखभालींत, जाळ्याच्या मुख्य वाटांची क्षमता पाहण्यासाठीं दिलेल्या एका आज्ञेमुळें त्या सर्व वाटा तुटल्या. अशी आज्ञा अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासणीच्या साधनांतहि दोष होता. मुख्य वाट तर गेलीच. पण संकटकाळीं वापरावयाची निराळी वाटहि त्या वेळीं चालेना. शेवटीं अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांच्या ठिकाणीं पाठवावें लागलें. तीं ठिकाणें परक्यांस आंत शिरतां येऊं नये अशीं बांधलेलीं; त्यामुळें आपल्याच माणसांना आंत जावयासहि वेळ लागला.

८ जुलै २०२२ रोजीं कॅनडांतील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचें जाळें एका सूचनेच्या चुकीनें कोसळलें. एक कोटि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली; संकटांत मदत मागण्याचे दूरध्वनिहि अडले. यंत्रें सांभाळण्याची कंपनीची वाट त्याच जाळ्यावर अवलंबून होती, म्हणून अभियंत्यांना यंत्रांपर्यंत पोंचतां येईना. त्यांपैकीं पुष्कळांचे दूरध्वनिहि त्याच कंपनीचे होते. त्यामुळें एकमेकांशीं बोलणेंहि कठीण झालें.

दोन्ही प्रसंगांचा बोध एकच आहे: मदत येण्याची वाट ही बिघडणाऱ्या वाटेहून खरोखरच वेगळी असली पाहिजे. विहिरींत पडलेल्यास वर काढावयाचा दोर विहिरींतच ठेवून चालत नाहीं.

४. अल्प खर्चांत काय करतां येतें?

मोठ्या संस्था यासाठीं कन्सोल सर्व्हर नांवाचें यंत्र विकत घेतात. त्यास अनेक यंत्रांच्या कन्सोल तारा जोडतात, आणि दूर बसलेला माणूस त्याच्या द्वारें प्रत्येक यंत्राशीं बोलतो. अशीं नवीं यंत्रें लहान शाळेच्या आवांक्याबाहेरचीं असतात. परंतु तेंच कार्य साधण्याच्या तीन स्वस्त पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे एक तार. हिच्या एका टोंकास यूएसबी व दुसऱ्या टोंकास कन्सोलच्या भोकाचा जोड असतो, आणि मध्यें दोहोंची भाषा जुळविणारी लहानशी चिप असते. जुन्या सिस्को यंत्रांबरोबर जी निळी चपटी तार येते, तिच्यांत आठहि तारा उलट्या क्रमानें जोडलेल्या असतात. पहिली आठव्यास, दुसरी सातव्यास, याप्रमाणें. म्हणून साधी जाळ्याची तार येथें चालत नाहीं. लॅपटॉपवर पुट्टी किंवा मिनिकॉम असा विनामूल्य कार्यक्रम घालावा व योग्य गति निवडावी. लहान शाळेस किंवा दुकानास एवढेंच पुरतें.

दुसरी पायरी म्हणजे कपाटांतच कायमचा ठेवलेला एक लहान संगणक. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ सालीं निघाला, तेव्हां त्याच्या 'बी' नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. असा एखादा, किंवा कोणी टाकून दिलेला जुना लॅपटॉपहि चालतो. त्यास यूएसबी हबद्वारें चार किंवा आठ कन्सोल तारा जोडाव्या. सेर-टू-नेट नांवाचा विनामूल्य कार्यक्रम प्रत्येक तारेस स्वतंत्र दार नेमून देतो. या संगणकास इंटरनेट मात्र शाळेच्या जाळ्यांतून देऊं नये. मोबाईलचें एक स्वतंत्र सिम द्यावें, नाहीं तर परसदार पुढच्याच अंगणांत उघडल्यासारखें होईल. मोबाईलच्या सिमला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. त्यामुळें बाहेरून आंत हांक मारतां येत नाहीं. म्हणून या लहान संगणकानेंच बाहेर हांक मारून वायरगार्डसारख्या साधनानें एक सुरक्षित वाट सदैव उघडी ठेवावी.

तिसरी पायरी जुन्या बाजारांतली. सिस्को कंपनीचा २५११ या क्रमांकाचा राऊटर आज वाट दाखविण्याच्या कामास निरुपयोगी झाला आहे. परंतु त्यास सोळा सीरिअल जोडण्या आहेत. आठ टोंकांच्या दोन फांदीदार तारा लावल्या म्हणजे तो सोळा यंत्रांचा कन्सोल सर्व्हर होतो. जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं असा जुना राऊटर घेऊन घरीं प्रयोगशाळा उभारली आहे. त्यावरील संभाषण उघड्या अक्षरांत चालतें, म्हणून तो बाहेरच्या इंटरनेटला कधींहि जोडूं नये.

५. घ्यावयाची सावधगिरी

पहिली गोष्ट, विजेचा दाब. आरएस-२३२ च्या तारेवर 'एक' ही खूण उणे ३ ते उणे १५ व्होल्ट व 'शून्य' ही अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असते. रास्पबेरी पायच्या उघड्या खिळ्यांस केवळ ३.३ व्होल्ट सोसतात. ती तार सरळ या खिळ्यांस जोडली तर तो संगणक जळेल. मध्यें मॅक्स-३२३२ सारखी चिप किंवा तयार यूएसबी तार हवी.

दुसरी, तारांचीं नांवें. अनेक यूएसबी तारा लावल्या असतां संगणक पुन्हां सुरू झाला म्हणजे त्यांचे क्रमांक बदलूं शकतात, आणि वाचनालयाचा स्विच समजून आपण कचेरीच्या स्विचला आज्ञा देऊं. लिनक्स तारेच्या चिपवरील अनुक्रमांकावरून कायमचें नांवहि देतें. तेंच वापरावें, आणि प्रत्येक तारेस कागदी चिठ्ठी बांधावी.

तिसरी, कुलूप. पुष्कळ यंत्रांत कन्सोलवर बसलेला माणूस यंत्र सुरू होत असतांना विशिष्ट खूण पाठवून परवलीचा शब्दहि बदलूं शकतो. विसराळू धन्यास ही सोय आहे. चोरासहि तीच सोय होईल. म्हणून कपाटास कुलूप असावें व किल्ली दोघांजवळ असावी.

चौथी, चुकीची भरपाई आधींच करून ठेवणें. हिला एक पैहि लागत नाहीं. सिस्कोच्या पुष्कळ यंत्रांत चालू सूचना व जतन केलेल्या सूचना निराळ्या असतात. धोक्याचा बदल करण्यापूर्वीं 'रीलोड इन १०' ही आज्ञा द्यावी. दहा मिनिटांत आपण ती रद्द केली नाहीं, तर यंत्र आपोआप पुन्हां सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या सूचनांवर जातें. ज्युनिपरच्या यंत्रांत 'कमिट कन्फर्म्ड' या आज्ञेनें हेंच साधतें. मात्र नवा बदल जतन करण्याची घाई करूं नये. आधीं पहावें, मग जतन करावें.

पांचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, परीक्षा. परसदाराची बिजागरी गंजली नाहीं हें तें उघडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. तार आहे, पण परवलीचा शब्द बदललेला. संगणक आहे, पण सिमचे पैसे भरले नाहींत. असें संकटाच्या रात्रीं कळून काय उपयोग?

६. आपल्या कपाटांत

त्या दिवसानंतर आपल्या शाळेनें दोन निळ्या तारा घेतल्या. एक संगणकवर्गाच्या कपाटांत खिळ्यास टांगलेली आहे; दुसरी मुख्याध्यापकांच्या खोलींत असते. कपाटाच्या दारास आंतून एक कागद चिकटविला आहे. त्यावर यंत्राची गति व कोणती तार कोठें जाते याची यादी आहे. परवलीचा शब्द मात्र तेथें नाहीं. तो बंद पाकिटांत निराळा ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं नववींतील दोन विद्यार्थी माझ्यासमोर तार लावतात, पडद्यावर यंत्राचें नांव उमटलेलें पाहतात व वहींत तारीख घालून सही करतात. एकदां त्यांस नांव दिसलें नाहीं. तार खिळ्यावरून पडून दाराच्या फटींत चेंगरली होती. ती त्याच दिवशीं बदलली.

विद्यार्थीमित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर आपल्या नांवाच्या इंग्रजी आद्याक्षराचा क्रमांक शोधा, तो द्विमान पद्धतींत लिहा, आणि आरंभीचें शून्य व शेवटचा एक धरून दहा बिटांची रांग मांडा. ती मला आणून दाखवा. ज्यांची रांग बरोबर येईल, त्यांस पुढच्या शनिवारीं कपाटाची किल्ली हातीं मिळेल.

आणि पालकहो, त्या सायंकाळीं बांकावर बसलेल्या दोन मुलींपैकीं एक पुढें याच विषयाच्या पदविकेस गेली. सुटींत ती शाळेंत आली, तेव्हां कपाट उघडून प्रथम तिनें खिळ्यावरची तार आहे ना, एवढें पाहिलें.